छपराला घाम

१९ ऑक्टोबर, रविवार

दवाखान्यातली नर्स म्हणाली, रक्तदाब उतरवायचा असेल तर जे कोणाला सांगता येत नाही ते लिहून काढत जा. मी म्हटलं, बाई, मला सांगता येत नाही असं काही नसतंच, मी तोंडावर सांगून मोकळी होते. ती म्हणाली, तरी लिहा. म्हणून बसलेय. पंधराव्या वर्षी शाळा सोडून सपातांच्या कारखान्यात लागले, तेव्हापासून सामानाच्या चिठ्ठीपलीकडे काही लिहिलेलं नाही. चुका काढायला कोणी येऊ नये.

बाबा अजून इस्पितळातच. जन्मभर दगडाच्या खाणीत धूळ खाल्ली, अर्धी खाण छातीत बसलीय. त्यात घरात एकटे असताना पडले, न्यूमोनिया झाला. आता डॉक्टर म्हणतात, एकटं राहायचं नाही. एक तर माझ्याकडे, नाहीतर वृद्धाश्रमात. वृद्धाश्रमाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात. काकांना तिथं ठेवलं होतं तेव्हा ते बघून आलेत. म्हणतात, सगळे गोल करून बसलेले असतात, रद्द झालेल्या बसची वाट बघत.

तर माझ्याकडेच येणार. पण इस्पितळाकडून घर बघायला एक मुलगी येते, सायमा नाव, इथली, आमच्या बेकप गावचीच, बोलणं माझ्यासारखंच चढं. तिची अट अशी की खोली संडासाजवळ हवी, ऊबदार हवी, आणि कोरडी हवी. ओलीचा नुसता वास आला तरी त्यांना पाठवणार नाही म्हणाली. त्या छातीला एक ओला हिवाळा पुरे.

संडासाजवळ मागचीच खोली. ती नेव्हिलच्या रेडिओंनी छतापर्यंत भरलीय. नेव्हिल म्हणजे माझा नवरा. बस चालवतो आणि लोकांनी टाकलेले रेडिओ घरी आणतो. मी म्हटलं, भंगारात दे. तो गप्प राहिला. नेव्हिल गप्प राहिला की 'नाही' समजायचं. आता रेडिओंना उरला पोटमाळा.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पोटमाळ्यावर मागे सरकारी योजनेची माणसं काचेची लोकर अंथरून गेली, ऊब खालीच राहावी म्हणून. पोटरीएवढी जाड. तिच्यावर पाय दिला की पाय थेट खालच्या खोलीत. फळ्या ठोकल्याशिवाय तिथं काही ठेवता येत नाही. म्हणून माझा मावसभाऊ टेरी आला.

लोकर तुळयांच्या बरीच वर येते. टेरीनं ती पायानं दाबली, वर फळ्या टाकल्या आणि स्क्रू मारले. नेव्हिल शिडीवर उभा राहून हळूच म्हणाला, "डेपोतला एकजण सांगत होता, तुळयांवर आधी प्लॅस्टिकचे उंच पाय बसवायचे आणि फळ्या उंचावर ठेवायच्या. लोकर दाबायची नाही, मध्ये वाऱ्याला जागा ठेवायची."

टेरी म्हणाला, "तुमच्या डेपोत बस चालवतात की घरं बांधतात?"

मी हसले. पाय आणायचे म्हणजे आणखी आठवडा जाणार. मी टेरीला म्हटलं, तू ठोक. नेव्हिल खाली जाऊन चहा करायला लागला.

टेरीच्या मागोमाग मीही वर डोकं काढलं. आमच्या ओळीतल्या घरांचं छप्पर एकच, आगगाडीसारखं. गिरणीवाल्यांनी बांधली तेव्हा पोटमाळ्यातल्या मधल्या भिंती कमरेएवढ्या केल्या आणि तिथंच विटा वाचवल्या. शेजारच्या ब्रेंडाच्या बाजूनं छान ऊब येत होती. म्हटलं, चला, फुकटची ऊब.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज मी एकटीच वर गेले. कडेला, वळचणीत, चक्क उजेड दिसत होता आणि वारा असा येत होता की पदर असता तर उडाला असता. आमच्याकडे चोर परवडला, पण फटीतला वारा नाही. आईनं आयुष्यभर दाराखाली कापडाचा साप करून ठेवला. कारखाना बंद झाला तेव्हा मी फेल्टच्या कातरणांची पोती घरी आणली होती, सपातांच्या तळाची. ती सगळी वळचणीत कोंबली. काळी, निळी, चौकड्याची. एक फट ठेवली नाही. कंबर मोडली, पण वारा बंद.

खाली आले तर गल्लीत सगळ्यांचे कपडे वाळत होते. सोमवार ना. ब्रेंडाची दोरी मात्र रिकामी. उन्हाळ्यापासून तिनं एक रुमाल वाळत घातलेला नाही. दिवसभर भिंतीतून तिचं कपडे वाळवायचं यंत्र घुर्र घुर्र करत असतं. आम्ही इतकी वर्षं एका दोरीवर कपडे घातले, आता बाईसाहेबांना गल्ली चालत नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सगळे रेडिओ वर गेले, खोक्यांत भरून. नेव्हिलनं एकेकाला जुन्या टॉवेलात गुंडाळलं, जसं काही तान्हं मूल. खोलीला रंग दिला, पलंग आणला. सायमा येऊन गेली, खोली आवडली. तारीख ठरली. वीस नोव्हेंबरला ती शेवटचं बघणार, दुसऱ्या दिवशी बाबा घरी.

इस्पितळात जाऊन बाबांना सांगितलं. म्हणाले, खिडकीतून काय दिसतं? मी म्हटलं, मागची गल्ली आणि गल्लीपलीकडच्या पॉलीनचं अंगण. म्हणाले, पॉलीन अजून बोलते का? मी म्हटलं, थांबते कधी? ते हसले आणि खोकत राहिले.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज इंग्लंडभर शेकोट्यांची रात्र. दरवर्षी ब्रेंडा आल्याचा चिकट केक करून आमच्याकडे ताट पाठवते. यंदा नाही. संध्याकाळी मीच दार वाजवलं. तिनं बोटभर उघडलं. तिचा नवरा गॉर्डन कसाय विचारलं तर म्हणाली, बरा आहे, झोपलाय. आणि दार लावलं. झोपलाय म्हणे, सहा वाजता.

बरा तर दिसतोच. परवा गल्लीत उभा होता, थंडीत, नुसत्या स्वेटरवर. गॉर्डन म्हणजे आमच्या क्रिकेटच्या मैदानावरचा जुना पंच. खिशात खडे ठेवून चेंडू मोजायचा. मला म्हणाला, "मॅक्सीन, आता कुठल्या टोकाकडून टाकतायत?" नोव्हेंबरात, खेळ उन्हाळ्याबरोबरच संपलेला. मी म्हटलं, तुझ्या बायकोच्या टोकाकडून. हसला नाही. माणसं म्हातारी झाली की थट्टा करतात आणि दुसऱ्याची चालत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

दव गोठवणारी पहिली थंडी पडली. मागच्या खोलीच्या छतावर बशीएवढा डाग. मी आधी रंगाला शिव्या दिल्या, मग कौलाला. टेरीला बोलावलं. तो छपरावर चढून आला आणि म्हणाला, कौल न् कौल जागेवर आहे, वरून पाणी येतच नाही. मग कुठून येतं, माझ्या डोक्यातून? म्हणाला, असेल. आणि निघून गेला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वर गेले. लिहायला नको वाटतं.

छपराच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब, भट्टीवरच्या माणसाच्या पाठीसारखे. खिळ्यांच्या टोकांना बर्फ. खोकी हात लावल्यावर भाकरीसारखी मऊ. नेव्हिलच्या रेडिओंना पांढरी लव फुटलीय. मी एक खाली आणला आणि टेबलावर ठेवला. तो बराच वेळ त्याची बटणं पुसत राहिला.

शेवटी म्हणाला, घरात आपण श्वास घेतो, भात शिजवतो, आंघोळ करतो, त्या सगळ्याची वाफ वर जाते. वर थंड छपराला लागली की तिचं पाणी होतं. पूर्वी वळचणीतला वारा ती घेऊन जायचा.

मी म्हटलं, म्हणजे मी आत येऊ दिला नाही तो वारा लागत होता?

म्हणाला, "तू झाकण लावलंस, मॅक्सीन. पातेलं उकळतंय आणि तू झाकण लावलंस."

मी त्याला बरंच बोलले. आधी का नाही सांगितलंस, तुझ्या तोंडात काय बोळा होता, वगैरे. तो म्हणाला नाही की सांगितलं होतं. म्हणाला असता तर भांडता आलं असतं.

आठ दिवस राहिलेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

चार दिवस मरमर. फेल्टची सगळी पोती ओढून काढली, सपातांचा वास अजून नाकात आहे. टेरीच्या फळ्या उचकटल्या. टेरी स्वतः आला, तोंड पाडून, पण आला. तुळयांवर प्लॅस्टिकचे पाय बसवले, फळ्या उंच केल्या. भिजलेली लोकर फेकली, नवी घातली, बाकीची हातानं पिंजून फुलवली. वर चढायच्या झाकणाला रबराची पट्टी लावली, म्हणजे घरातली वाफ तिथून वर जायला नको. वळचणीतून वारा सुसाट. मला वर बसून रडू येत होतं, असला वारा मुद्दाम घरात घ्यायचा.

आणि आज सकाळी पुन्हा थेंब. आमच्या बाजूला कमी, पण ब्रेंडाच्या भिंतीपाशी नुसती धार.

नेव्हिल त्या बुटक्या भिंतीवरून पलीकडे वाकला, मग मला खुणेनं बोलावलं. ब्रेंडाच्या पोटमाळ्याचं झाकण अर्धं उघडं, आणि त्यातून चंदेरी नळी वर आलेली, हत्तीच्या सोंडेसारखी. तिच्यातून गरम ओली हवा भसाभस. गाईचा श्वास तोंडावर यावा तशी. कपडे वाळवायच्या यंत्राची नळी.

मी म्हटलं, उद्या सकाळी बघते तिच्याकडे. नेव्हिल म्हणाला, हळू बोल. मी म्हटलं, मी कधी हळू बोललेय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ब्रेंडानं दार बोटभर उघडलं. मी पाय घातला. म्हटलं, तुझ्या नळीनं माझ्या बापाची खोली बुडवलीय, आत येऊ दे.

आत वास होता. तो वास मला ठाऊक आहे, आजीच्या वेळचा. जिन्यात चादरींची बोचकी. वर छोट्या खोलीत यंत्र घुरघुरतंय. गॉर्डन पंचाचा पांढरा कोट घालून पलंगाच्या कडेला बसलेला, कमरेला नुसता टॉवेल. मला बघून एक हात आडवा केला.

ब्रेंडा म्हणाली, "चौकार दिलाय तुला. धावा लिहिणारा करतो तसा हात वर कर, नाहीतर तसाच बसून राहील."

मी हात वर केला. त्यानं हात खाली घेतला.

मग आम्ही दोघी जिन्यात बसलो. रात्रीत किती वेळा चादर बदलते ते तिनं सांगितलं. दोरीवर घातल्या तर गल्लीला कळणार. भिंतीला भोक पाडून नळी काढली तर अंगणात दिवसभर वाफ दिसणार, पॉलीन लगेच विचारणार. म्हणून झाडूच्या दांड्यानं नळी वर ढकलली. मुलीला, लीड्सला असते ती, काहीच सांगितलेलं नाही. कळलं तर ती येऊन त्याला आश्रमात टाकेल, आणि तिथं तो आठवडा काढणार नाही.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? एवढी वर्षं.

ब्रेंडा म्हणाली, "तुला? तू सगळ्यांना सांगतेस, मॅक्सीन. माझं गर्भाशय काढलं ते मटणवाल्याला आधी कळलं, माझ्या नवऱ्याला नंतर."

हे खरं आहे. मला तेव्हा वाटलं होतं, मटणवाला मटण थोडं जास्त देईल.

मी म्हटलं, ते यंत्र बंद कर. चादरी मला दे. माझं यंत्र मागच्या स्वयंपाकघरात आहे, त्याची नळी भिंतीतून बाहेर, आणि कोरड्या दिवशी माझी दोरी आहे. ती म्हणाली, गल्ली विचारेल. मी म्हटलं, बाबांच्या आहेत म्हणून सांगीन. ती म्हणाली, ते तर आलेले नाहीत. मी म्हटलं, येतील. आणि मी काही चांगुलपणा करत नाहीये, मला छप्पर कोरडं हवंय.

ती उठली आणि बोचकी माझ्या हातात द्यायला लागली. जड असतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सायमा आली. छताचा डाग तसाच, नुसता कडेनं पिवळा झालेला. तिनं ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र प्लास्टरला लावलं, लाल दिवा लागला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल.

म्हणाली, "हे एवढं तुमच्या एकट्या घरातून नाही येत. या ओळींत पोटमाळे सलग असतात ना? शेजारून येत असेल तर सांगा. मग ते आमचं काम. माणूस पाठवते, पाणी ओढायचं यंत्र लावते, आठवड्यात होऊन जाईल. तोपर्यंत ते वॉर्डात राहतील, त्यांना दुसरीकडे हलवावं लागणार नाही."

त्याच वेळी भिंतीपलीकडून गॉर्डन ओरडला, ओव्हर. स्पष्ट. सायमानं भिंतीकडे बघितलं. मी छताकडे.

मी म्हटलं, माझंच आहे. मीच वळचणीत फेल्ट कोंबली, आणि टेरीला लोकर दाबू दिली. मी अडाणी आहे, मला काय कळतं.

तिनं यंत्र पिशवीत टाकलं. मग म्हणाली, घरच्यांचीच चूक असली तर आमचं काही चालत नाही, आपोआप वाळायची वाट बघायची. तोपर्यंत वॉर्डातला पलंग अडवून ठेवता येत नाही. तोपर्यंत आश्रम.

मी दार लावून घेतलं आणि जिन्यात बसले. नेव्हिल कामावर होता. बरं झालं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबांना मीच सांगितलं. खोली ओली आहे, थोडे दिवस थांबावं लागेल. कुठं, त्यांनी विचारलं नाही. चपलांत पाय घातले, कोट घातला, वरपर्यंत बटणं लावली. आश्रमाच्या गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "तुझ्या आईनं खोली ओली होऊ दिली नसती."

नसती दिली.

१ डिसेंबर, सोमवार

कोरडा वारा होता म्हणून चादरी दोरीवर. पॉलीन लगेच अंगणात. कोणाच्या गं एवढ्या? मी म्हटलं, बाबांच्या. आश्रमात नीट धूत नाहीत, मी घरी आणते. ती म्हणाली, अरेरे, तुझ्या बाबांची, क्लिफर्डची, ही वेळ आली. जन्मात मी एवढं सरळ तोंडानं खोटं बोललेले नाही. सोपं असतं. घाम येतो नुसता.

आश्रमात रोज जाते. बाबा दारासमोरच्या खुर्चीत कोट घालून बसलेले असतात. बटणं लावलेली. तिथल्या मुली म्हणतात, जेवतानाही काढत नाहीत. मी काढायला सांगितलं नाही.

रोज वर जाऊन छपराला हात लावते. सुकतंय. आज खिळ्यांची टोकं कोरडी होती. नेव्हिलचा एक रेडिओ सुरू झाला. हवामान सांगत होता.

कंबर गेलीय. सकाळी माझं घर, मग शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी, मग बाबा, मग ब्रेंडाच्या चादरी. ब्रेंडानं काल माझ्यासमोर बसून अख्खा कप चहा घेतला, गरम असताना. गेल्या वर्षभरात पहिल्यांदा म्हणे. मला हे ऐकून राग आला, कोणाचा ते कळलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

सायमाचा दिवा हिरवा लागला. तीनदा लावून बघितलं. जाताना तिनं विचारलं, शेजारी सगळं ठीक ना? मी म्हटलं, असेल, मी कशाला नाक खुपसू. ती म्हणाली, बरोबर आहे, मॅक्सीन. आणि दारातल्या टेबलावर एक कागद ठेवून गेली. घरी येऊन म्हाताऱ्या माणसाची मदत करणाऱ्या बायकांचा नंबर. बाबांना त्याची गरज नाही. विसरली असेल. ब्रेंडाला देऊन टाकला, तिच्याकडे शेगडी पेटवायला कागद कमी आहेत.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बाबा आले. खोलीत उभे राहून छत बघितलं, नाक वर करून वास घेतला. वाऱ्याचा आवाज येतोय म्हणाले. मी म्हटलं, येऊ दे, तो लागतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मला वेड लागलंय.

१५ डिसेंबर, सोमवार

ऊन पडलं, थंड पण स्वच्छ. गॉर्डनची रात्र वाईट गेली असणार, चादरी दोरीभर. सगळ्या फुलाफुलांच्या, ब्रेंडाला तसल्याच आवडतात. घालताना मनात आलं, बाबांची खिडकी इथंच उघडते, पण हातात ओली चादर होती, काय करणार.

मी वर त्यांचा नाश्ता घेऊन गेले तर खिडकी उघडी, आणि खालून पॉलीनचा आवाज. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा, मायेनं. "क्लिफर्ड, लाज वाटून घेऊ नका हं. होतं या वयात. मॅक्सीन मुलगी म्हणून करते, रोज धुते बिचारी."

बाबा खिडकीत, पाठमोरे. दगड फोडणारा माणूस. पडले तेव्हासुद्धा नर्सला अंगाला हात लावू दिला नव्हता. माझ्या हातात ताट होतं. म्हटलं, संपलं. आता विचारतील, आणि मी काय सांगू. तोंड उघडलं तर ब्रेंडाचं घर उघडं पडतं, नाही उघडलं तर बाप.

त्यांनी दोरीकडे बघितलं, फुलांकडे. मग मान वळवून मधल्या भिंतीकडे. पलीकडे ब्रेंडा हळू आवाजात काहीतरी समजावत होती आणि गॉर्डन कोणालातरी बाद देत होता.

बाबा खिडकीतून बाहेर वाकले. म्हणाले, "हो, पॉलीन. माझ्याच आहेत. तुझ्याकडे चिमटे असतील तर दे चार, वारा सुटलाय."

पॉलीन बोलणं अर्धं टाकून चिमटे आणायला आत गेली. पहिल्यांदाच.

मग त्यांनी खिडकी ओढून घेतली, पलंगावर बसले आणि चहा मागितला. मी दिला. साखर किती घातली कोण जाणे, चमचा उभा राहिला असता. त्यांनी मुकाट्यानं प्यायला.